खुनी शेजारीच राहतो

पुस्तक परत आलं तेव्हा एकशे बाराव्या पानात एसटीचं तिकीट होतं. मित्राने तिथपर्यंत वाचून हात टेकले होते. "अरे, खुनी कोण ते मला साठाव्या पानावर कळलं. तुझ्या त्या पोलिसालाही कळलं. मग उरलेली तीनशे पानं तो गडी करतोय काय? आभाळ बघतोय!"

पुस्तक होतं जेम्स ली बर्क यांचं, डेव्ह रोबिशो मालिकेतलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुईझियाना राज्यात, बायू टेश नावाच्या संथ प्रवाहाच्या काठी न्यू आयबेरिया हे उसाच्या मळ्यांनी वेढलेलं छोटं गाव आहे. रोबिशो तिथल्या शेरीफच्या कचेरीतला डिटेक्टिव्ह. आधी न्यू ऑर्लीन्सच्या पोलीस खात्यात होता. व्हिएतनाम युद्धातून परतलेला, दारूच्या विळख्यातून कसाबसा सुटलेला माणूस. १९८७ मध्ये 'द निऑन रेन' आली, २०२४ मध्ये 'क्लीट'. सदतीस वर्षांत चोवीस कादंबऱ्या. मी त्यातल्या बहुतेक वाचल्या आहेत, काही दोनदा. त्यामुळे मित्राचं बोलणं जिव्हारी लागलं हे कबूल.

उत्तर द्यायच्या आधी पूर्वपक्ष नीट मांडावा, प्रतिपक्षाला स्वतःला जमला नसता इतका नीट, अशी आपली जुनी रीत आहे. तर आक्षेप असे. या मालिकेत दर वेळी तेच घडतं: एखादं जुनं जमीनदार घराणं, त्याचा एक देखणा, सुशिक्षित, आतून सडलेला वारस, न्यू ऑर्लीन्सचा एखादा गुंड, आणि दोघांच्या मधे सापडलेला कुणी गरीब. रहस्य म्हणावं तर गाठी सैल. पानोपानी पाऊस, विजा, धुकं, ओकच्या फांद्यांवरून जटांसारखं लोंबणारं राखाडी शेवाळ. नायक म्हातारा होत नाही. आणि त्याच्या बायका मरतात.

शेवटचे दोन आधी घेतो, कारण तिथे माझी बाजू लंगडी आहे. १९६०च्या दशकात व्हिएतनामला लढलेला माणूस २०२० च्या आसपास ऐंशीच्या घरात असायला हवा. तो अजून बारमध्ये मारामाऱ्या करतो. चालायचं, मालिकांच्या नायकांना ही सूट जगभर मिळते. बायकांचं मात्र तसं नाही. अ‍ॅनीला गुंड गोळ्या घालतात, बूट्सीला आजार नेतो, मॉली रस्त्यावरच्या अपघातात जाते. नायकाच्या दुःखात सरपण कमी पडलं की लेखक घरातली बाई चुलीत घालतो, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. डेव्हच्या आमिषाच्या दुकानात काम करणारा कृष्णवर्णीय बटिस्ट हा मालिकेतला अतिशय प्रेमळ माणूस आहे, पण अनेकदा तो डेव्हच्या चांगुलपणाचा साक्षीदार म्हणूनच उभा केल्यासारखा वाटतो. एवढं दिलं. याहून जास्त काही देणार नाही.

आता 'खुनी आधीच कळतो' हा मुख्य आक्षेप. कळतो. पण रहस्यकथेत खुनी शेवटी कळलाच पाहिजे, हा नियम कुणी केला? आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार असो की काळापहाड, गोष्ट संपली की हिशोब चुकता. वाचनालयात पुस्तक परत करायचं आणि दुसरं घ्यायचं. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या हवेलीतही तेच: बाहेरून एक हुशार माणूस येतो, दिवाणखान्यात सगळ्यांना बसवतो, बोट दाखवतो आणि निघून जातो. दोन्ही प्रकार मला आवडतात. पण दोन्हींमध्ये गुन्हा म्हणजे बिघाड असतो. तो दुरुस्त झाला की घर पूर्ववत.

रोबिशोच्या गावात पूर्ववत म्हणजेच गुन्हा. तिथला ऊस अठराव्या शतकापासूनचा, आणि तो लावला, तोडला, गाळला तो गुलामांनी. यादवी युद्धानंतर गुलामी कायद्याने गेली, मग कैदी भाड्याने मिळू लागले. अँगोला हा राज्याचा मोठा तुरुंग एका जुन्या मळ्याच्याच जागेवर आहे. अठरा हजार एकर जमीन, आणि कैदी आजही तिथे शेतात राबतात. बर्कच्या कादंबऱ्यांत अँगोलात शिक्षा भोगून आलेली माणसं वारंवार भेटतात, ते काही रंगत वाढवायला नव्हे. तेव्हा 'हे कुणी केलं' हा प्रश्न त्या गावात फारसा अवघड नाही. कुणी केलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं घर मुख्य रस्त्यावर आहे, पांढऱ्या खांबांचं. अवघड असतं ते त्याच्या बांधाला बांध लावून राहणं.

'सनसेट लिमिटेड' बघा. एका कामगार संघटकाला धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकून मारलं होतं. त्याला आता चाळीस वर्षं झाली. त्याची मुलं मोठी होऊन, नाव कमावून गावी परततात. आणि ज्यांच्याकडे संशयाची सुई आहे ते घराणं तिथेच आहे, तेच मळे, तोच आब, तेच मऊ बोलणं. डेव्ह त्यांच्या दारात जातो तेव्हा ते पोलिसाला भेटत नाहीत, गावातल्या एका गरीब केजन कुटुंबातल्या पोराला भेटतात. इंग्रजांनी १७५५ पासून कॅनडातल्या अकेडियामधून हुसकावलेल्या फ्रेंच भाषकांचे वंशज ते केजन. डेव्हचा बाप ऑल्डस समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला होता, स्फोटात गेला. आईला पोलिसांनीच मारलं, हे त्याला अनेक वर्षांनी 'पर्पल केन रोड'मध्ये कळतं. म्हणजे ज्या गणवेशात तो न्याय मागायला निघतो, तोच गणवेश त्याच्या आईचा मारेकरी. असा माणूस दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून कुणाकडे बोट दाखवणार?

मित्राला नेमकं हेच खटकलं होतं. त्याला खुनी पकडलेला हवा होता. बर्क दाखवतात तो न पकडता येणारा खुनी, जो रविवारी चर्चबाहेर हात हलवतो. आपल्यापैकी ज्यांचं बालपण साखरपट्ट्यात गेलं त्यांना हे समजवावं लागू नये. गाळपाच्या हंगामात गोड-आंबूस धूर गावावर असतो, आणि कारखान्यात कुणाचं काय झालं हे पारावर सगळ्यांना माहीत असतं. मोठ्याने कुणी बोलत नाही एवढंच. न्यू आयबेरियातही हिवाळ्याच्या तोंडावर पाचट पेटतं आणि धूर घरात शिरतो. कथानक सातासमुद्रापलीकडचं, पण त्या धुराचा वास मला ओळखीचा वाटला. मी पहिलं पुस्तक संपवलं ते त्या वासासाठी, हे आता सांगायला हरकत नाही.

आणि आभाळ? 'वर्णनं फार' ही तक्रार मी पुण्या-मुंबईच्या वाचकांकडून नेहमी ऐकतो. दोन-चार ठिकाणी वर्णन पाकात घोळलं जातं, खरं आहे. पण लुईझियानाच्या किनाऱ्यावर १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन समुद्रात गेली. अख्ख्या गोव्याहून जास्त. मिसिसिपीला बांध घातल्याने गाळ येणं थांबलं, आणि तेल कंपन्यांनी पाणथळीतून खणलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत शिरून सायप्रसची झाडं, गवत, मुळं मारून टाकली. मुळं मेली की माती धरून ठेवायला काही उरत नाही. हे डोक्यात ठेवून डेव्हच्या बोटीतून दिसणारा दलदलीचा परिच्छेद पुन्हा वाचा. तो पंचनामा आहे. प्रेत हळूहळू नाहीसं होतंय, आणि पंचनामा करणाऱ्याचा बाप त्याच तेलाच्या धंद्यात मेला आहे.

'इन द इलेक्ट्रिक मिस्ट विथ कॉन्फेडरेट डेड'मध्ये दलदलच साक्ष देते. तरुणपणी डेव्हने अचाफलायाच्या दलदलीत साखळदंडातल्या एका कृष्णवर्णीय माणसाला गोळ्या घालताना पाहिलं होतं. कुणी त्याचं ऐकलं नाही. कितीतरी वर्षांनी यादवी युद्धावरच्या सिनेमाचं शूटिंग तिथे येतं, आणि एका दारुड्या नटाला ती हाडं सापडतात, साखळीसकट. पुढे धुक्यातून दक्षिणेच्या सैन्याचा सेनापती जॉन बेल हूड डेव्हला भेटू लागतो. भूत की भास, लेखक सांगत नाही. मित्र म्हणाला, डिटेक्टिव्ह कथेत भूत आणणं म्हणजे चीटिंग. मला उलट वाटतं. भूत म्हणजे तरी काय, तर ज्याचा खटला चाललाच नाही असा माणूस. बेरत्राँ ताव्हेर्निये या फ्रेंच दिग्दर्शकाने यावर २००९ मध्ये सिनेमा काढला, टॉमी ली जोन्सला घेऊन. आधी १९९६ मध्ये अ‍ॅलेक बाल्डविनचा 'हेवन्स प्रिझनर्स' आला होता. जोन्सचा बघा. त्याच्या चेहऱ्यावर ते गाव आहे.

आता उरलं 'दर वेळी तेच'. इथे जरा थांबतो, कारण मालिकेची खरी ओढ इथे आहे. डेव्ह बारमध्ये जातो, चौकशीसाठी जावंच लागतं. काउंटरवर डॉक्टर पेपर मागतो, शीतपेय, ग्लासात चेरी आणि लिंबाची फोड. दुरून बघणाऱ्याला दारूच वाटावी असा तो ग्लास. शेजारी मित्र क्लीट पर्सेल बसतो, गोल टोपी, उघड्या टपाची कॅडिलॅक बाहेर, आणि पीत राहतो. डेव्हची नजर क्लीटच्या ग्लासवर जाते. बर्फ, काचेवरचं दव, आतला सोनेरी रंग. लेखक घाई करत नाही. कारण त्या काउंटरवर काही घडत नाही, हीच घटना. आमच्याकडे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला जाणारी माणसं फक्त आजच्या दिवसाबद्दल बोलतात. वीस वर्षं न प्यायलेला माणूसही आज प्यायलो नाही असंच सांगतो. अशा माणसाची गोष्ट एका पुस्तकात संपवली तर ती खोटी होते. तिला चोवीस पुस्तकंच लागतात, आणि प्रत्येकात तोच काउंटर. मधे एखाद्या पुस्तकात तो घसरतोही. बर्क स्वतः त्या वाटेने गेलेले आहेत, त्यामुळे उपदेश नाही, फक्त माहितगारी आहे.

त्यांची चिकाटीही तशीच. 'द लॉस्ट गेट-बॅक बूगी' ही त्यांची कादंबरी शंभरावर वेळा साभार परत आली, शेवटी १९८६ मध्ये लुईझियाना राज्य विद्यापीठाच्या प्रेसने छापली. पन्नाशीत आलेल्या माणसाने मग रोबिशो सुरू केला.

शिवाय तेच चालू असताना एक गोष्ट बदलत जाते. 'हेवन्स प्रिझनर्स'च्या सुरुवातीला पाण्यात कोसळलेल्या विमानातून डेव्ह एका लहान मुलीला वर काढतो. एल साल्वादोरची निर्वासित मुलगी. तो तिचं नाव अलाफेअर ठेवतो. पुढच्या पुस्तकांतून ती शाळेत जाते, बापाशी भांडते, वकिली शिकते, लेखिका होते. बर्कच्या खऱ्या मुलीचंही नाव अलाफेअरच, तीही वकील आणि रहस्यकथाकार. ही मुलगी मोठी होताना पाहायची तर वाचकालाही तितकी वर्षं द्यावी लागतात. एकशे बाराव्या पानावर उतरलेल्याला ती दिसणार नाही.

मित्राला आता 'द टिन रूफ ब्लोडाउन' दिलं आहे. २९ ऑगस्ट २००५ चं कत्रिना वादळ, न्यू ऑर्लीन्सचे बंधारे फुटलेले, लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये छतापर्यंत पाणी. एक व्यसनी पाद्री चर्चच्या माळ्यावर अडकलेल्या माणसांना वाचवायला निघतो. त्याची बोट चोर पळवतात, आणि तेच चोर पुढे एका गुंडाचं घर फोडतात. यातला एक बलात्कारी आहे, आणि त्याला माफी मागायची आहे, तीही ज्या मुलीवर अत्याचार केला तिच्या घरच्यांची. खुनी कोण वगैरे साठाव्या पानाच्या आसपास कळेल. डेव्ह मात्र त्या पाद्र्याला शोधत राहतो, पाणी ओसरल्यावरही.

यावेळी एसटीचं तिकीट कितव्या पानात सापडतं ते बघू.