शाळेतील स्वराज्य कोणाचे?

दरवर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनी, आपल्याकडील पुष्कळ माध्यमिक शाळांत ‘स्वयंशासन दिन’ साजरा होतो. दहावीच्या मुली साड्या नेसून येतात, मुले शिक्षकांच्या ऐटीत हाती खडू घेतात, एकजण मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर बसतो आणि एकजण शिपाई होऊन घंटेचे टोल देतो. सायंकाळी शाळा सुटते आणि तिच्याबरोबर स्वयंशासनही सुटते. वसई, नालासोपारा, विरार येथील आमच्या वाचक मातापित्यांना आम्ही एवढेच विचारतो, की त्या दिवशी आपल्या मुलाच्या वाट्यास काय आले? खुर्ची आली की घंटा? आणि ती वाटणी कोणी केली?

घंटा वाजविण्यात कमीपणा आहे असे आम्ही मुळीच मानीत नाही. श्रमाला हलके लेखणारी व्यवस्था सोडूनच आपण धम्माच्या मार्गावर आलो आहोत. परंतु खुर्ची सदैव त्याच त्या घरांतील मुलांकडे आणि झाडू, पाणी व घंटा सदैव त्याच त्या मुलांकडे जात असेल, तर त्यास विद्यार्थ्यांचे स्वयंशासन म्हणता येत नाही. ती जुन्या गावगाड्याची रंगीत तालीम होय.

हा प्रश्न आज या भागात विशेष निकडीचा झाला आहे. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत १२ लाख २२ हजारांहून अधिक लोकवस्ती नोंदली गेली. वाडवळ, कोळी, आगरी, आदिवासी, सामवेदी ख्रिस्ती यांच्या मुलांशेजारी आज मुंबईतून, कोकणातून, मराठवाड्यातून व परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले बसतात. शाळा लहान असते तेव्हा मुख्याध्यापक प्रत्येक मुलाला नावाने ओळखतात. तुकड्या वाढल्या, दोन सत्रांत वर्ग भरू लागले, की ती ओळख नाहीशी होते. मग तिची जागा एकतर नियम घेतो किंवा शिफारस घेते. ज्याचा वडील संस्थेच्या पदाधिकाऱ्यास ओळखतो त्याला शिफारस मिळते. नव्याने आलेल्या, नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबाला नियमाचाच काय तो आधार.

कोणी म्हणतील, मुले अजाण आहेत, त्यांनी अभ्यास करावा, कारभाराची उठाठेव कशाला? त्यांस आमचे उत्तर असे. घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले आणि ती १९८९ साली अमलात आली. म्हणजे पंधराव्या वर्षी दहावीत बसलेला विद्यार्थी तीन वर्षांनी आमदार व खासदार निवडतो. या तीन वर्षांत मत देण्याची, विरोध नोंदविण्याची व पराभव पचविण्याची विद्या त्याला कोण शिकविणार? बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय संहितेचा भारताने १९९२ साली स्वीकार केला, तिच्या १२ व्या कलमानेही मुलाला आपल्यासंबंधीच्या बाबतीत मत मांडण्याचा हक्क दिलेला आहे.

आणि आपल्याला तर ही विद्या परकी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्मरण करून दिले होते, की भिक्षुसंघास सभेच्या कामकाजाचे नियम पूर्ण अवगत होते. संघात नव्या भिक्षूस उपसंपदा द्यावयाची तर प्रथम ज्ञप्ती, म्हणजे प्रस्ताव, मांडावा लागे. नंतर तो तीन वेळा उच्चारून ज्यास संमत नसेल त्याने बोलावे असे सांगितले जाई. वाद न मिटल्यास शलाका वाटून बहुमत घेत, आणि गुप्त मतदानाचीही रीत होती. शलाका गोळा करणारा छंद, द्वेष, मोह व भय यांना वश न होणारा असावा, असे विनयात सांगितले आहे. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याचे याहून चांगले लक्षण आम्हांस ठाऊक नाही.

ज्या नालासोपाऱ्याच्या रेल्वे स्थानकावर आपली मुले रोज गर्दीत उभी राहतात, तेच प्राचीन शूर्पारक. तेथील स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून जगापुढे आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही येथेच मिळाला. मृगयेच्या सहली सोडून आपण धम्मयात्रा करतो, जनपदातील लोकांना भेटतो, त्यांच्याशी धम्माविषयी प्रश्नोत्तरे करतो, असे त्या लेखात सम्राट सांगतो. सम्राटास प्रजेशी प्रश्नोत्तरे करण्यात कमीपणा वाटला नाही, मग मुख्याध्यापकांस विद्यार्थ्यांशी तशी करण्यात का वाटावा?

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. जानेवारी १९५० मध्ये, देशाचे कायदेमंत्री असताना, बाबासाहेबांनी त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले. देशाच्या संसदेत ज्या विधेयकावर वादळ उठले होते, तो विषय त्यांनी विद्यार्थ्यांपुढे मांडण्यास योग्य मानला. कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्यापाशी ते शिकले त्या जॉन ड्युई यांचीही शिकवण हीच होती, की शाळा हाच एक समाज आहे आणि लोकशाही तेथे जगूनच शिकावी लागते.

तथापि निवडणूक झाली म्हणजे स्वयंशासन आले, अशी भाबडी समजूत आम्ही बाळगीत नाही. राजकीय बहुमत बनते आणि बदलते. जातीचे बहुमत जन्मतःच ठरलेले असते, हा भेद बाबासाहेबांनी वारंवार दाखविला. साठ मुलांच्या वर्गात आपली चार मुले असतील आणि मते आळीआळीप्रमाणे, जमातीजमातीप्रमाणे पडतील, तर आपला मुलगा दहा वर्षांतही निवडून येणार नाही. उलट पूर्वी शिक्षकाने केलेला अन्याय आता बहुमताच्या शिक्क्याने होईल.

म्हणून आमच्या सूचना स्पष्ट आहेत. प्रत्येक तुकडीने गुप्त मतदानाने दोन प्रतिनिधी निवडावेत, त्यांत एक मुलगी असावी, आणि एकदा निवडून आलेल्यास पुढील वर्षी पुन्हा उभे राहता येऊ नये. फळा पुसणे, पाणी भरणे, वर्ग झाडणे, घंटा देणे ही कामे हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांकडे फिरावीत. त्यांतून कोणाचाही मुलगा सुटू नये. शालेय मंत्रिमंडळाच्या हाती निदान एक खरी बाब द्यावी. वाचनालयाची वेळ असो, मैदानाची वाटणी असो वा स्नेहसंमेलनाच्या खर्चाचा एक भाग असो, त्याचा हिशेब सूचना फलकावर लागावा. मुख्याध्यापकांना ठराव नाकारण्याचा अधिकार असावाच, परंतु नाकारण्याचे कारण त्यांनी लेखी द्यावे.

तंटे कसे मिटवावेत याचा धडा पोलंडमध्ये सापडतो. यानुश कोर्चाक या वैद्याने वॉर्सा येथील आपल्या अनाथाश्रमात मुलांचे न्यायालय चालविले. न्यायाधीश मुलेच असत. संहितेतील बहुतेक कलमे क्षमेची असत. आणि स्वतः कोर्चाकही त्या न्यायालयापुढे आरोपी म्हणून उभे राहिले. १९४२ साली नाझींनी त्यांस मुलांसह मृत्यूच्या छावणीत नेले. ज्याने मुलांपुढे स्वतःचा दोष कबूल केला, तो मृत्यूच्या वाटेवरही त्यांना सोडून गेला नाही.

आता दोन शब्द आपल्या स्वतःविषयी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, तसेच वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व मिळावे असे ठरविले आहे. ही जागा आपण मागितली काय? सभेच्या दिवशी मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. म्हणून वस्तीतील चार घरांनी पाळी लावावी आणि प्रत्येक सभेस एकाने तरी हजर राहावे. विनाअनुदानित शाळेत ही समिती नसली तरी पालक-शिक्षक संघ असतो, तेथे बोलावे.

आणि घरी? विहाराच्या समितीत पंधरा वर्षांच्या मुलीला आपण किती वेळा बोलू दिले? मुलाने ‘का?’ असे विचारताच आपण त्याला गप्प करतो, आणि शाळेने त्याचे ऐकावे अशी अपेक्षा धरतो. ही विसंगती आपणच दूर केली पाहिजे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मुलांची सभा भरू द्यावी. त्यांनीच अध्यक्ष निवडावा, त्यांनीच इतिवृत्त लिहावे, वडीलधाऱ्यांनी मागे बसून ऐकावे.

पुढील ५ सप्टेंबरच्या आत प्रत्येक वस्तीतून एक लहानसा अर्ज मुख्याध्यापकांकडे जावा. आमच्या शाळेतील वर्गप्रतिनिधी कोणत्या नियमाने नेमले जातात आणि कामाच्या पाळ्या कशा लावल्या जातात, हे कृपया लेखी कळवावे, एवढेच त्यात लिहावे. खाली आईवडिलांच्या सह्या असाव्यात, आणि शेजारी मुलांच्याही.