आभासी रस्ता कोणाचा?

स्वयंचलित वाहनाची परीक्षा कशी घ्यावी, हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांचा वाटतो. माझ्या मते तो प्रशासनाचाही आहे.

अमेरिकेतील रँड या संस्थेने २०१६ साली एक हिशेब मांडला. प्राणघातक अपघातांच्या बाबतीत असे वाहन मानवी चालकाइतके सुरक्षित आहे हे ९५ टक्के खात्रीने दाखवायचे, तर ते असा एकही अपघात न होता सुमारे २७.५ कोटी मैल चालावे लागेल. शंभर गाड्या अहोरात्र चालविल्या तरी त्यास साडेबारा वर्षे लागतील. म्हणूनच संगणकावरील आभासी चाचणी, म्हणजे सिम्युलेशन, अपरिहार्य ठरते. तेथे एकच धोक्याचा क्षण पावसात, अंधारात हजारो वेळा घडविता येतो. परस्परांना संदेश देणाऱ्या वाहनांपैकी एखाद्याचा संदेश उशिरा पोहोचला तर काय होईल, हेही कोणाचा जीव धोक्यात न घालता पाहता येते.

परंतु सिम्युलेशन रचणाऱ्याला जे सुचले तेवढेच ते तपासते. मार्च २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनातील टेम्पी येथे उबरच्या चाचणी-वाहनाने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा बळी घेतला. धडकेपूर्वी ५.६ सेकंद ती यंत्रणेला दिसली होती. मात्र ठरवून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र कोणी पायी रस्ता ओलांडील, हा विचारच त्या रचनेत नव्हता, असे अधिकृत चौकशीत आढळले.

आपल्याकडे तो अपवाद नव्हे, रोजचा व्यवहार आहे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वार सुमारे ४४ टक्के, तर पादचारी जवळजवळ २० टक्के होते. मार्गिकेची शिस्त गृहीत धरणारा आभासी रस्ता यांपैकी किती जणांना ओळखील? उलट दिशेने येणारी दुचाकी, दुभाजकाच्या फटीतून निघणारा माणूस, रस्त्यात बसलेली गाय, हे सारे त्यात असलेच पाहिजे.

चालकविरहित मोटारींना येथे अवकाश आहे, मग घाई कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपोआप ब्रेक लावणाऱ्या मोटारी आजच आपल्या रस्त्यांवर धावत आहेत.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम २ ब संशोधनासाठी काही वाहनांना कायद्यातील तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला देते. अशी सूट देताना भारतीय प्रसंगांच्या आभासी कसोटीची अट घालावी, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी लागणारी सामग्री सरकारपाशीच आहे. पोलीस आज अपघातांची नोंद एका एकात्मिक राष्ट्रीय प्रणालीत करतात. त्या नोंदींतून नावे वगळून प्रसंग घडवावेत, दरवर्षी नवे जोडावेत आणि त्यांतील काही गोपनीय ठेवावेत. अन्यथा उत्पादक केवळ ठरावीक प्रश्नांची उत्तरे पाठ करतील.

प्रश्नपत्रिका परीक्षार्थीनेच काढावी, असे आपण अन्य कोणत्याही परीक्षेत चालवून घेत नाही. जेथे माणसांचे प्राण पणाला लागलेले आहेत, तेथे तर ते मुळीच चालवून घेऊ नये.