जुने ऑइल कुठे गेले?

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या घरी एक काम ठरलेले असते: गाडीचे इंजिन ऑइल बदलणे. गाडी जुनी, छोटी, पेट्रोलवरची. दिग्रसहून यवतमाळला दवाखान्यासाठी, पुसदला लग्नकार्यासाठी, एवढाच तिचा प्रवास. वॉरंटी केव्हाच संपली, त्यामुळे हे काम घरी करायला हरकत नाही. मजुरी वाचते आणि मुलांना पाना धरता येतो.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी आधी कामाचे बोलू. गाडीसोबत मिळालेले पुस्तक उघडा. ऑइल किती लिटर आणि कोणत्या ग्रेडचे, हे त्यात लिहिलेले असते. डब्यावर ५डब्ल्यू-३० असे असेल तर पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावरचा दाटपणा. आपल्याकडे उन्हाळा कडक म्हणून मनानेच दाट ऑइल भरू नये.

इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट निघते. फार तापवू नये, हात भाजतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. खाली भक्कम स्टँड हवेतच. हातमोजे घालून चेंबरचा नट सोडावा, पसरट घमेल्यात सगळे ऑइल उतरू द्यावे. नवे वॉशर लावून नट घट्ट करावा, फिल्टर बदलावा, नवे ऑइल थोडे कमीच भरावे. इंजिन मिनिटभर चालवून बंद करावे आणि पाच मिनिटांनी पट्टी पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे.

पहिल्या वर्षी आमची फजिती झाली. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावरच आम्ही नवा फिल्टर बसवला. इंजिन सुरू करताच खालून धार लागली. गल्लीतले मिस्त्री धावत आले, "मास्टरसाहब, आधी बंद करा!" त्यांनी ती रिंग काढून आमच्या हातावर ठेवली. तेव्हापासून जुना फिल्टर निघाला की मुलगी आधी रिंग दाखवते, मगच नवा बसतो.

ती चूक फडक्याने पुसली गेली. दुसरी नाही. निघालेले तीनेक लिटर काळे ऑइल आम्ही परसात खड्डा करून ओतले. वाळवी लागू नये म्हणून लाकडी मेढींना जळालेले ऑइल लावताना लहानपणापासून पाहिले होते. मातीत जिरेल, असे वाटले. पावसाळ्यात एके सकाळी अम्मींनी विहिरीतून बादली काढली आणि हाक मारली, "बेटा, पाण्यावर हे काय चमकतंय?" पाण्यावर रंगीत तवंग होता.

आपला भाग काळ्या कातळाचा. विहिरीला पाणी येते ते त्याच्या भेगांतून, आणि आपण ओतलेलेही त्याच वाटेने येऊ शकते. शेजारच्या तीन घरांचे पाणी त्या विहिरीवर होते. पाणी नासवणे गुनाह आहे असे वर्गात सांगणारे आम्ही, दारोदार जाऊन सांगत होतो, "हे पाणी पिऊ नका, चूक आमची आहे." शेजारच्या खाला काही बोलल्या नाहीत. कळशी उचलून हातपंपाकडे निघाल्या. त्यांचे गुडघे दुखतात, हे आम्हाला ठाऊक होते. त्या पावसाळाभर त्यांचे पाणी आमच्या मुलांनी भरले.

वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते शुद्ध करून पुन्हा वंगण बनवता येते. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ऑइल तयार करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. पण ते आपल्या घरातून नीट निघाले तरच पुढचे होणार. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यातच जुने भरावे आणि वर ठळक अक्षरांत लिहावे. खाण्याच्या तेलाचा कॅन किंवा पाण्याची बाटली कधीही वापरू नये. घरात लहान मुले असतात. त्यात पेट्रोल किंवा पाणी मिसळू नये, चुलीतही जाळू नये. फिल्टर रात्रभर निथळू द्यावा. ज्या गॅरेजमधून नोंदणीकृत गोळा करणारे ऑइल नेतात, तिथे विचारून डबा पोचवावा.

यंदा मुलाने डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून नेला. तो परतला तेव्हा अम्मी ओसरीवरच बसल्या होत्या. "पोचलं का रे?" त्यांनी विचारले. "हो, दादीजान," तो म्हणाला. मग त्यांनी त्याला हात धुवायला साबण दिला.