कंपवात म्हणण्यापूर्वी

पाचोऱ्यातल्या कोणत्याही मेडिकलसमोर सकाळी अर्धा तास उभे राहावे. गॅसची, ॲसिडिटीची, चक्करेची गोळी मागणारी माणसे एकामागून एक येत असतात. कुणाच्या हातात चार महिन्यांपूर्वीची चिठ्ठी असते, कुणाच्या हातात नुसती रिकामी स्ट्रिप. ती पुढे केली की तशीच दुसरी मिळते. चिठ्ठी लिहिली होती आठ-दहा दिवसांसाठी, हे तोवर सगळेच विसरलेले असतात. शेवभाजी आणि ठेच्यावर वाढलेल्या आपल्या खानदेशात पोटातली जळजळ हा आजार मानला जात नाही, आणि म्हणून तिच्यावरची गोळीही कुणी औषधात मोजत नाही. डॉक्टरांनी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले तर साखरेची आणि बीपीची गोळी सांगितली जाते. गॅसची राहून जाते.

या राहून गेलेल्या गोळीचा आणि म्हाताऱ्या माणसाच्या थरथरत्या हाताचा संबंध असू शकतो.

समजा, सत्तरी गाठलेले एक आबा आहेत. पोट फुगते म्हणून सुरू झालेली कॅप्सूल ते आठ महिने घेत आहेत. मधल्या काळात त्यांची चाल मंदावली, चेहऱ्यावरचे भाव हरपले, शर्टाची बटणे लावायला वेळ लागू लागला. घरचे म्हणाले, ‘आते वय झाये.’ पुढे हात कापू लागला तेव्हा कंपवाताचे नाव निघाले आणि दोन नव्या गोळ्या आल्या. त्यांतली एक ट्रायहेक्सिफेनिडिल. ती थरथर कमी करते, पण उतारवयात स्मरणशक्तीवर घाला घालते. आबा नातवंडांची नावे विसरू लागले. रात्री त्यांना अंगणात माणसे उभी दिसू लागली. मग ‘डोके शांत करणारे’ हॅलोपेरिडॉल आले आणि आबांनी अंथरूण धरले. पोटाची कॅप्सूल अजून चालूच आहे. हे आबा कल्पित आहेत, पण त्यांच्या घसरणीची प्रत्येक पायरी औषधशास्त्रात नोंदलेली आहे. एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजायचा आणि त्याच्यावर दुसरी गोळी द्यायची, अशी ही साखळी असते.

त्या कॅप्सूलमध्ये काय असते? आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला पुष्कळदा लेव्होसल्पिराइड असते. ब्रँडचे नाव ठळक आणि हे नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात. मेंदूतले डोपामिन हे रसायन आपल्या हालचालींना वंगणासारखे असते. लेव्होसल्पिराइड ते ज्या जागी काम करते ती जागाच अडवते, कुलपात आधीच दुसरी किल्ली अडकून बसावी तसे. डोपामिन आहे, पण त्याचा उपयोग नाही. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरचे प्रोक्लोरपेराझिन आणि सिन्नारिझिन, अर्धशिशीवरचे फ्लुनारिझिन, मानसिक आजारांवरची कित्येक औषधे यांचाही कमीअधिक प्रमाणात असाच परिणाम होतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली मेटोक्लोप्रमाइड सहसा पाच दिवसांपेक्षा जास्त देऊ नये अशी मर्यादा घातली. लेव्होसल्पिराइडला अमेरिकेत मंजुरीच नाही. आपल्याकडे ते महिनोन्‌महिने पोटात जाते.

औषध वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. योग्य रुग्णाला, थोड्या दिवसांसाठी त्याचा उपयोग होतो. पण औषधाने आलेला कंपवात हा कंपवातासारख्या सगळ्या आजारांतला सर्वांत हातात असलेला प्रकार आहे. कारण सापडले आणि औषध थांबवले, तर बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. काहींमध्ये लक्षणे टिकून राहतात, तेव्हा पुष्कळदा खरा पार्किन्सन आतून सुरू झालेला असतो आणि औषधाने तो लवकर उघडा पाडलेला असतो. मात्र मानसिक आजाराची गोळी घरच्या घरी एकदम बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचाच.

खरा पार्किन्सन वेगळा. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ‘थरथरत्या लकव्या’वर एक छोटा निबंध लिहिला. त्यात फक्त सहा रुग्ण होते आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यावर चालताना पाहिलेले. दोनशे वर्षांनंतरही हे निदान मुख्यतः नजरेनेच होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर भागातल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. पहिले लक्षण दिसेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. साध्या एमआरआयमध्ये हे सहसा दिसत नाही. म्हणून ‘एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे काही नाही’ ही समजूत जितकी चुकीची, तितकाच ‘आधी एमआरआय काढून या’ हा आग्रह अपुरा. एमआरआय काढायचा तो दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी.

नजर कुठे ठेवायची? हात मांडीवर स्वस्थ असताना कापतो की चहाचा कप उचलल्यावर, हे पाहावे. विश्रांतीतला कंप पार्किन्सनकडे बोट दाखवतो. कप उचलल्यावरचा कंप बहुधा दुसराच, पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेला आणि त्यामानाने सौम्य असतो. चालताना एक हात हलायचा थांबला आहे का? खरा पार्किन्सन बहुधा एका बाजूने सुरू होतो. औषधाचा कंपवात पुष्कळदा दोन्ही बाजूंनी आणि झपाट्याने येतो. अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जाते आणि बँकेतली सही जुळेनाशी होते. खांदा धरला म्हणून कित्येक महिने शेक आणि मालीश चालते आणि मूळ दुखणे मेंदूत असते. त्याच्याही आधी, काहींना दहा-दहा वर्षे आधी, वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडते आणि झोपेत ओरडणे, लाथा झाडणे सुरू होते. ‘बाबा झोपेत भांडतात’ म्हणून हसण्यावारी नेलेली गोष्ट डॉक्टरांना सांगण्यासारखी असते. आणि थरथर मुळीच नसलेला पार्किन्सनही असतो. तो नुसता मंद आणि ताठर असतो, म्हणून सर्वांत उशिरा सापडतो.

मुंबईत पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन केलेली पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. १४,०१० लोकांत पार्किन्सनचे ४६ रुग्ण सापडले, म्हणजे लाखाला सुमारे ३२८. आकडा मोठा दिसतो तो मुख्यतः त्या समाजात वृद्ध जास्त असल्यामुळे. खेड्यापाड्यांतली तरुण मुले पुण्या-नाशकाला गेल्यावर मागे उरणारा आपला खानदेशही त्याच वाटेने चालला आहे.

हुबेहूब पार्किन्सनसारखे दिसणारे इतर आजारही आहेत. पहिल्याच वर्षात रुग्ण वारंवार मागच्या बाजूला पडत असेल आणि नजर खाली वळवणे जड जात असेल, तर तो बहुधा पीएसपी नावाचा वेगळा आणि वेगाने वाढणारा आजार असतो. साखर आणि बीपी वर्षानुवर्षे मोकाट असलेल्या माणसाच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत जातात. त्याचे हात बरे असतात आणि पायच जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बऱ्या होऊ शकणाऱ्या दोन आजारांची. एकात मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साचते. पाय जड होतात, लघवीवर ताबा राहत नाही, विसरभोळेपणा येतो. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तपासणी झालीच पाहिजे, कारण नळी टाकून ते पाणी पोटात वळवले की निवडक रुग्ण पुन्हा चालू लागतात. दुसऱ्यात मोटारसायकलवरून किंवा न्हाणीघरात पडल्यानंतर डोक्यात हळूहळू रक्त साकळते. पडणे साधे वाटलेले असते आणि तीन आठवड्यांनी माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये ते दिसते. या दोन्ही आजारांवर ‘म्हातारपण’ असा शिक्का बसला, तर तो शिक्काच रुग्णाचा घात करतो. अशीच फसवी लक्षणे देऊ शकणाऱ्या बी-१२ च्या कमतरतेची आणि थायरॉइडची रक्ततपासणी तर तालुक्याच्या गावातही होते.

आता स्मृतिभ्रंशाकडे येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आहे. पार्किन्सनच्या रुग्णांतही आजार जुना होत जाईल तसा तो वाढतो. सिडनीतल्या रुग्णांचा वीस वर्षे मागोवा घेतला तेव्हा शेवटपर्यंत जगलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांना तो जडलेला होता.

एका प्रकारात मात्र बुद्धीचा गोंधळ आणि शरीराचा ताठरपणा एका वर्षाच्या आतबाहेर, जवळजवळ हातात हात घालून येतात. त्याचे नाव लुई बॉडी डिमेन्शिया. फ्रेडरिक लुई यांनी १९१२ साली मेंदूच्या पेशींतल्या ज्या गोलसर पुंजक्यांचे वर्णन केले त्यांवरून ते पडले. यातला माणूस सकाळी व्यवहाराच्या गोष्टी नीट बोलतो आणि दुपारी घर ओळखत नाही. त्याला लहान मुले, जनावरे, गेलेली माणसे स्पष्ट दिसतात. आपल्याकडे इथेच वाट चुकते. घरच्यांना ‘बाहेरचे काही’ वाटते, भगताकडे फेऱ्या होतात, आणि सगळे थकले की कुणीतरी हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन देते. या रुग्णांपैकी ३० ते ५० टक्के लोकांत अशा औषधाची प्रतिक्रिया तीव्र येते. अंग लाकडासारखे ताठते, शुद्ध हरपते, मृत्यूही येतो. भास झाल्याबरोबर ते बंद पाडण्याच्या मागे लागू नये. आधी लघवीचा संसर्ग, ताप, बद्धकोष्ठ, सोडियम कमी होणे आणि नवी सुरू झालेली गोळी शोधावी. भासांनी रुग्ण घाबरत नसेल तर त्यांना हात न लावणेच बरे. औषध लागलेच तर रिव्हास्टिग्मिन किंवा अगदी कमी मात्रेत क्वेटायपिन असे पर्याय तज्ज्ञ विचारात घेतात. ‘यांना लुई बॉडी असण्याची शंका आहे, हॅलोपेरिडॉल देऊ नका’ एवढे एक वाक्य कागदावर लिहून आधार कार्डासोबत ठेवावे. रात्री दोन वाजता दवाखान्यात नेताना ते उपयोगी पडेल.

पार्किन्सनच्या कारणांविषयी बोलताना कपाशीच्या शेतात उभे राहावेच लागते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात काही तरुणांनी भेसळीची नशा केली आणि ते काही दिवसांत पार्किन्सनच्या रुग्णांसारखे थिजून गेले. त्या भेसळीतून शरीरात तयार झालेले विष आणि पॅराक्वाट हे तणनाशक यांची रासायनिक रचना एकमेकींशी मिळतीजुळती आहे. पुढे अमेरिकेत फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात पॅराक्वाट वापरणाऱ्यांत पार्किन्सनचा धोका सुमारे अडीचपट आढळला. युरोपीय महासंघात ते २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे अजून विकले जाते. एखाद्या शेतकऱ्याचा हात फवारणीमुळेच कापतो असे यावरून म्हणता येणार नाही. पण पाठीवर पंप, तोंडावर नुसता रुमाल आणि अनवाणी पाय ही फवारणी किती महाग पडते, हे यवतमाळने २०१७ साली वीसहून अधिक जीव देऊन दाखवले. ते विष तत्काळ मारणारे होते. पॅराक्वाट वीस वर्षांनी हिशेब मागणारे असू शकते.

पार्किन्सनच्या उपचारांत लेव्होडोपा आजही पहिले आहे. १९६० च्या दशकात ते रूढ होत गेले. मजा म्हणजे आपल्या कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असते आणि भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते त्या बियांतून १९३७ सालीच वेगळे काढले होते. म्हणूनच गोळी चालू असताना कवचबीजाचे, म्हणजे याच बियांचे, चूर्ण डॉक्टरांना न सांगता घेऊ नये, दोन्ही मिळून मात्रा चढते. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, कारण डाळी-दुधातली प्रथिने तिची वाट अडवतात. ती एकदम बंद करू नये, त्याने जिवाला धोका होतो. ती सुरू झाल्यावर मळमळते म्हणून मेटोक्लोप्रमाइड देणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे. त्या जागी सहसा डॉम्पेरिडोन चालते. आणि रोजचा व्यायाम औषधाइतकाच गंभीरपणे घ्यायचा. पाय अडखळून थांबले, तर जमिनीवर आखलेल्या पट्ट्या ओलांडत चालल्याने पाऊल सुटते. हा उपाय ओसरीवर खडूने करता येतो.

मेंदूविकारतज्ज्ञासाठी पाचोऱ्याच्या माणसाला जळगाव, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. शेंदुर्णी-पहूरकडच्यांना तर आधी पाचोऱ्यापर्यंत यायचे. त्यांची पी.जे., म्हणजे पाचोरा-जामनेर, रेल्वेगाडी २०२० पासून थांबली आहे. ताठरलेल्या माणसाला घेऊन एवढा प्रवास वारंवार होत नाही. त्यामुळे पहिले निदान इथेच, फॅमिली डॉक्टर, औषधवाला आणि घरची माणसे यांच्यातच होणार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे आणि त्याचे प्रमाणपत्र मिळते, हेही पुष्कळ कुटुंबांना माहीत नसते.

तेव्हा तुमच्या घरी कुणाची चाल मंदावली असेल, हात कापत असेल किंवा बोलणे भरकटत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना फक्त फाइल नेऊ नका. उशाखालची, देव्हाऱ्याजवळची, पाकिटातली, प्रत्येक स्ट्रिप एका पिशवीत भरा, गॅसची सुद्धा. कोणती गोळी कधी सुरू झाली आणि थरथर कधी दिसली, या दोन तारखा कागदावर लिहा. टेबलावर ती पिशवी रिकामी करा आणि विचारा: यातली कोणती थांबवता येईल?