हुपरीकराने हिवाळ्यात बेटावर का जावे?

मार्गशीर्ष लागला, की वर्तमानपत्रांच्या पानांवर निळ्या पाण्याच्या व वाकलेल्या माडांच्या जाहिराती झळकू लागतात, आणि ज्या कुटुंबांचा प्रवास एका पिढीपूर्वी नरसोबाची वाडी, पंढरपूर व फार तर गोवा एवढ्यावर आटोपत असे, त्या कुटुंबांतूनही 'थंडीचे चार दिवस कुठल्या तरी उष्ण बेटावर काढावे' अशी तजवीज सुरू होते. ज्या गावचे पैंजण, तोडे आणि कमरपट्टे देशभरच्या बाजारपेठांत जातात, ते आमचे हुपरी गाव या हौसेपासून अलिप्त राहील, हे संभवनीय नव्हते व इष्टही नव्हते. कारण मूस, भट्टी आणि तराजू यांच्या सान्निध्यात वर्ष काढणाऱ्या माणसाने समुद्र पाहू नये असे म्हणणारा मनुष्य अरसिकच म्हणावा लागेल. माझा आक्षेप प्रवासाला नाही. आक्षेप आहे तो या प्रवासासाठी निवडलेल्या ऋतूला, आणि ज्या कारणपरंपरेने तो ऋतू निवडला जातो तिला.

हिवाळ्यात उष्ण बेटाकडे धाव घेण्याची चाल मुळात उत्तर युरोपातील लोकांची आहे, आणि त्यांच्या बाबतीत ती सर्वथा समर्थनीय आहे. लंडनमध्ये डिसेंबरात दुपारचे चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो, आणि जो थोडा वेळ तो क्षितिजावर असतो त्यातलाही बराचसा भाग मेघांच्या आड जातो. अशा प्रदेशातील मनुष्य कॅनरी बेटांवर किंवा मालदीवमध्ये जाऊन उघड्या अंगाने वाळूत पडला, तर तो विलास नसून औषधोपचार आहे असे मानण्यास हरकत नाही. परंतु ज्या हुपरीत डिसेंबरच्या दुपारी सदऱ्याच्या बाह्या दुमडाव्या लागतात, ज्या हुपरीची पहाट शेकोटीपुरती थंड आणि संध्याकाळ गप्पांपुरती गार असते, तेथील गृहस्थाने कशापासून पळून जायचे? हुरडा, गुऱ्हाळावरची ताजी काकवी आणि स्वच्छ आकाश यांचा हा काळ. बारा महिन्यांत निसर्गाने आपल्यावर खरी मेहेरनजर केली असेल तर ती याच तीन महिन्यांत, आणि नेमके तेच आपण दुसरीकडे खर्च करण्यास निघतो.

येथे भूगोलाची साक्ष काढणे अनुचित होणार नाही. हुपरी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेसोळा अंशांवर आहे. ज्या मॉरिशसला 'उष्णकटिबंधातील स्वर्ग' म्हणून आपल्यापुढे मांडले जाते ते विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर आहे. म्हणजे उष्णकटिबंधात आपण त्या बेटापेक्षा अधिक आत राहतो, आणि उष्णता शोधण्यासाठी हजारो मैल समुद्र ओलांडून विषुववृत्तापासून दूर जातो.

शिवाय कामाचा हंगाम आहेच. तुळशीचे लग्न लागले, की मुहूर्तांची दारे उघडतात व त्यांच्यामागोमाग चांदीची मागणी येते. त्याच सुमारास जवाहर साखर कारखान्याचे गाळप भरात येऊन रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. धडी उत्पादक असो, मजुरीवर काम करणारा कारागीर असो की ऊस घातलेला शेतकरी असो, डिसेंबर हा हुपरीत रजेचा महिना नव्हे. नाताळची लांब सुटी ज्या दप्तरांतून आली ती दप्तरे आपली नव्हती, आणि ज्यांची होती ते येथून जाऊनही आता बराच काळ लोटला.

एवढ्यावरही ज्याचा निश्चय ढळत नाही त्याने बेट तरी विवेकाने निवडावे. मालदीवचे हवामान डिसेंबर ते एप्रिल कोरडे असते हे खरे. परंतु तेथील बहुतेक विश्रामस्थाने अशा बेटांवर आहेत, जेथे एका हॉटेलाखेरीज दुसरे काहीच नाही. गाव नाही, बाजार नाही, देऊळ-मशीद नाही, भांडण नाही. अशा ठिकाणी मनुष्य चार दिवस स्वतःचाच सहवास घेऊन परत येतो, आणि तो सहवास प्रत्येकास रुचतोच असे नाही. लक्षद्वीपची गोष्ट निराळी. तेथील दहा बेटांवर वस्ती आहे. पण त्या वस्तीचे गोडे पाणी म्हणजे प्रवाळाच्या वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक पातळ थर, आणि तो इतका नाजूक, की कवरत्तीला २००५ साली समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडे पाणी करणारे यंत्र बसवावे लागले. तेथे जाण्यास परवाना लागतो, जहाजावर जागा मोजकी मिळते, म्हणून पुष्कळ लोक कुरकुर करतात. मला मात्र ती अडवणूक शहाणपणाची वाटते. ज्या घरात पाणी मोजून आहे तेथे पाहुण्यांनीही मोजकेच असावे.

अंदमानला मात्र केवळ हवामानाच्या हिशेबाने जाता येत नाही. निदान मराठी माणसास येऊ नये. बाबाराव सावरकरांच्या पाठोपाठ १९११ च्या जुलैत विनायकराव त्या बंदरात उतरले आणि १९२१ पर्यंत दोघे बंधू तेथे होते. काळे पाणी हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीने उच्चारताना आवाज खाली आणला असेल. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेल्या त्या कारागृहाच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. आजच्या प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमात त्यांच्या वाट्यास एक दुपार येते, आणि उरलेले सर्व दिवस पाण्याखालच्या माशांच्या वाट्यास. हे प्रमाण उलटे करावे असे मी म्हणत नाही, कारण सहलीस निघालेल्या मुलाबाळांना सबंध दिवस कोठड्या दाखवणे हाही एक जुलूमच आहे. परंतु जारवांच्या वनातून जाणाऱ्या रस्त्यावर, त्या वनवासी माणसांचे ओझरते दर्शन घडावे म्हणून मोटारीच्या काचेस नाक लावून बसणाऱ्यांची मला लाज वाटते. जो रस्ता बंद करण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच दिला होता, त्यावरून प्रवाशांच्या मोटारी पुढेही वर्षानुवर्षे जात राहिल्या.

आणि ज्याला डिसेंबरातच बेट हवे त्याच्यासाठी, घाट उतरला की मालवण आहे. कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याचा पाया घातला तो सिंधुदुर्ग पुढे दीर्घकाळ करवीरकरांच्याच अमलात होता आणि १८१२ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला; म्हणजे कोल्हापूरकरास हे परके बेट नव्हेच. सभोवार खारा समुद्र असता तटाच्या आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींचे पाणी गोड लागते. पावसाळ्यात नावा बंद असतात. म्हणून या बेटापुरता हिवाळा हाच खरा ऋतू. दोन दिवसांत परत येऊन मंगळवारी दुकान उघडता येते, ही सोय तर कुठलीच परदेशी कंपनी देऊ शकत नाही.

ज्याची ऐपत मोठी आहे आणि ज्याला समुद्र ओलांडायचाच आहे त्याने मॉरिशसला जावे, परंतु हिवाळ्यात जाऊ नये. दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथे जानेवारी ते मार्च हा उकाड्याचा, पावसाचा व चक्रीवादळांचा काळ असतो; आपला मे महिना हा तेथील शीतकालाचा आरंभ. कोल्हापुरात पत्रे तापून दुपारी भट्टीपुढे बसवत नाही, शाळांना सुट्या असतात, आणि तेथे हवा आपल्या कार्तिकासारखी असते. उष्ण बेटावर गारव्यासाठी जाणे हे ऐकण्यास विपरीत वाटते. पण आपल्या अक्षांशावरून पाहिले असता तेच सरळ आहे.

आणि गारवा हे तर निमित्त झाले. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर करारनाम्यावर त्या बेटात आणले गेले. पोर्ट लुई बंदरातील ज्या आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या चढून त्यांनी त्या भूमीवर पाऊल ठेवले, तो २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी लोकही होते, विशेषतः रत्नागिरीकडचे. त्यांना नेले ते उसासाठी. काळ्या ज्वालामुखी दगडांनी भरलेल्या त्या जमिनी साफ करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले दगडांचे ढीग आजही तेथील उसाच्या फडांत उभे आहेत, आणि तो दगड आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद आहे. ज्याने आयुष्यात एकदा तरी उसाची तोड, टोळी आणि उचल यांचा हिशेब जवळून पाहिला आहे, त्या हुपरीच्या माणसास ते ढीग पाहून जे कळेल ते समुद्रकिनारी पहुडलेल्या फ्रेंच प्रवाशास कळणार नाही. आगाऊ रक्कम घेऊन घर सोडणारा, मुदत भरेपर्यंत मुकादमाच्या शब्दात राहणारा मनुष्य आपल्या परिचयाचा आहे. तो अजूनही दर वर्षी आपल्याच शिवारात पाले ठोकून राहतो, आणि त्याची पाले पाहण्यास कोणी तिकीट काढून येत नाही.

त्या मजुरांचे वंशज आज घरात बहुधा क्रिओल बोलतात; पण सरकारी शाळांतून मराठी हा ऐच्छिक विषय आहे, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे अध्यापन होते, आणि त्याच संस्थेच्या अभिलेखागारात आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. २०२३ साली मोका येथे शिवछत्रपतींचा पुतळाही उभा राहिला. पुतळा जरूर पाहावा. परंतु एखाद्या रविवारी मराठी मंडळींच्या देवळात जाऊन बसावे, आणि आपण कोठून आलो हे त्यांनी विचारण्याची वाट पाहावी.

ज्यांच्या घरी शाळकरी मुले नाहीत त्यांना मे महिन्याचेही बंधन नाही. त्यांनी भाद्रपदात जावे: गणेश चतुर्थीस तेथे सरकारी सुटी असते, कोकणातली जाखडी तेथे अजून नाचली जाते, आणि ऊसतोड चालू असते. हिंदी प्रवाशास आगाऊ व्हिसाचीही दगदग नाही. परतीचे तिकीट मात्र दसऱ्यापूर्वीचे काढावे. दिवाळीचा माल एकदा हातात आला, की हुपरीत सहलीच्या गोष्टी ऐकून घेण्यास कोणास फुरसत नसते.