गणवेशाचा खर्च कोणाच्या माथी?

नेरडीगोंड्यातही बसचालक, परिचारिका, वनरक्षक असे गणवेशात कामावर जाणारे आपले लोक आहेत. शिलाई, धुलाई, इस्त्री हा खर्च बहुधा घरातूनच होतो. 1961 च्या आयकर कायद्याने त्यावर सूट दिली खरी, पण नोकरी देणाऱ्याने 'गणवेश भत्ता' दिला असेल तरच, आणि प्रत्यक्ष खर्च झाला तेवढीच. खरेदीबरोबर देखभालही त्यात धरली आहे, म्हणजे परटाचे पैसेसुद्धा. भत्ताच नसेल तर पगारदाराने खिशातून केलेल्या खर्चाला स्वतंत्र वजावट नाही. ब्रिटनमध्ये घरी गणवेश धुणारी परिचारिका वर्षाला ठरावीक 125 पौंडांच्या खर्चावर स्वतः करसवलत मागू शकते. आपल्याकडे प्रमाणित वजावटीकडे बोट दाखवतात. ती तर पंख्याखाली बसणाऱ्या साहेबालाही तेवढीच! हा अन्याय आहे असे आम्हास वाटते. कर्मचारी संघटनांनी हा प्रश्न लावून धरावा.

तोवर बांधवांनी पगारपत्रक नीट वाचावे. भत्ता मिळूनही त्यावर कर कापला गेला असेल, तर विवरणपत्रात सूट स्वतः मागता येते. परीट कुठली पावती देणार? वहीत तारीखवार नोंद करून त्याची सही घ्यावी. मात्र 2023-24 पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करपद्धतीत ही सूट नाही. जुनी पद्धत हवी तर विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र पगाराला कर नाही, तेव्हा त्यांनी यामागे धावू नये. त्यावरच्यांनी, विशेषतः गृहकर्ज असणाऱ्यांनी, दोन्ही हिशेब मांडून पाहावेत.