"ओके" दाबण्याआधी वाचा: घरचा कॉम्प्युटर, त्याचे इशारे आणि आपली मुलं



आपण दरवर्षी मुलांना "संगणक : शाप की वरदान" हा निबंध लिहायला देतो. मुलं छान लिहितात. पण त्याच मुलाच्या घरी कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन ओळींचा इशारा आला, तर तो न वाचताच बंद केला जातो. आज त्याबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात माझ्या वर्गातल्या एका मुलापासून करते.

आठवीतला मुलगा, चिखलीत राहणारा. वडील चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर, शिफ्ट ड्युटी. लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन शाळेसाठी घेतलेला जुना डेस्कटॉप घरी होता. एक दिवस मुलगा म्हणाला, "मॅडम, प्रोजेक्ट गेला. कॉम्प्युटर चालूच होत नाही." मी विचारलं, आधी काही मेसेज येत होता का? तो बराच वेळ गप्प राहिला. मग सांगितलं, की तीन आठवडे रोज सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची आणि तो एफ-वन दाबून पुढे जायचा. ती ओळ त्याला पाठ झाली होती : "स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस. प्रेस एफ-वन टू रिझ्यूम."

म्हणजे हार्ड डिस्क स्वतःच सांगत होती, की मी आता फार दिवसांची नाही, आतलं सगळं दुसरीकडे ठेवून घ्या आणि मला बदला. तीन आठवडे सांगत होती. प्रोजेक्ट पुन्हा करता आला, पण आजोबांच्या शेवटच्या वर्षातले फोटो त्याच डिस्कवर होते. ते गेले.

"घरी का नाही सांगितलंस?" या प्रश्नाचं त्याचं उत्तर मला अजून टोचतं. "बाबा म्हणाले असते, तूच काहीतरी केलं असशील."

नंतर वडील शाळेत आले. रागावलेले नव्हते, खजील झाले होते. म्हणाले, "मॅडम, कंपनीत मशीनला अलार्म आला, तर नंबर बघितल्याशिवाय मी रिसेटला हात लावत नाही. नंबर लिहितो, मेंटेनन्सला कळवतो. आणि घरी काय चाललंय ते मला माहीतच नाही."

पालकांनो, विचार करा. भोसरी, पिंपरी, तळवडे, चाकण या आपल्या पट्ट्यात मशीनचा इशारा वाचायची सवय असलेली माणसं घरोघरी आहेत. तरीही घरच्या मशीनचा इशारा आला की पहिलं वाक्य निघतं, "काय दाबलंस रे?" माझं मत स्पष्ट आहे : घरचे कॉम्प्युटर बिघडण्यामागे ज्ञानाची कमी कमी असते, भीती जास्त असते. ज्या घरात इशारा दाखवणाऱ्यालाच बोलणी बसतात, त्या घरात इशारे लपवले जातात.

कारखान्यात हा धडा फार पूर्वी शिकला गेला. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा माग बनवला. १९२४ चा त्यांचा "टाईप जी" माग प्रसिद्ध आहे. चूक झाली की थांबायचं आणि ती दाखवायची, हे तत्त्व पुढे मोटार कारखान्यांत आलं. आपल्याकडच्या कितीतरी लाईनवर आज "अँडॉन"चा दिवा असतो. अडचण दिसली की कामगारानं तो लावायचा असतो. दिवा लावणाऱ्याला दोष दिला, तर उद्यापासून कुणी लावणार नाही, हे चांगल्या सुपरवायझरला कळतं. घरीही हेच करायचं आहे.

आता प्रत्यक्ष पाहू. माझ्या अनुभवात घरी येणारे इशारे तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार : नुसती माहिती. "अपडेट तयार आहे", "डिस्कवर जागा कमी आहे" वगैरे. विंडोज १० वापरणाऱ्यांना सपोर्ट संपल्याचा मोठा मेसेज दिसतो आणि ते घाबरून विचारतात, हा व्हायरस आहे का? नाही, ती बातमी खरी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यावर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं दिली. म्हणजे कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडत नाही, पण त्याची सुरक्षितता हळूहळू कमी होत जाते. घाबरायचं नाही, पण टाळायचंही नाही.

दुसरा प्रकार : मशीनची खरी हाक. वर सांगितलेली हार्ड डिस्कची ओळ यातली. अशी ओळ दिसली की त्याच दिवशी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राईव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. दुरुस्ती नंतर.

याच प्रकारातलं आणखी एक उदाहरण. जुन्या डेस्कटॉपवर अचानक कुठलीच वेबसाईट उघडेना आणि ब्राउझर म्हणतो, "तुमचं घड्याळ मागे आहे." घरातले म्हणतात, व्हायरस आला. कोपऱ्यातली तारीख बघा, ती काही वर्षं मागे गेलेली असते. तारीख चुकली की वेबसाईटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला पटत नाही. बहुतेक वेळा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटनासारखा सेल संपलेला असतो. तो स्वस्तात मिळतो. सेल बदलला, तारीख लावली, की काम झालं. नीट वाचलं नाही, तर याच कारणासाठी अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट होतो.

तिसरं उदाहरण तर खास आपल्या भागातलं. गुरुवार हा औद्योगिक पट्ट्याचा सुट्टीचा वार, त्यामुळे विजेच्या देखभालीची कामंही बरेचदा गुरुवारीच निघतात. चालू कॉम्प्युटरची वीज गेली, की पुन्हा सुरू करताना "स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राईव्ह" असं दिसू शकतं. मूल कंटाळून मधेच बटन दाबून बंद करतं. तसं करू नका. तपासणी पूर्ण होऊ द्या, वेळ लागला तरी. आणि वीज जाणार हे आधी माहीत असेल, तर कॉम्प्युटर आधीच नीट बंद करा.

तिसरा प्रकार : खोटा इशारा. एखादी वेबसाईट बघताना अचानक सगळा पडदा भरतो, सायरन वाजतो, "तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर लगेच फोन करा" असं दिसतं. हा ओळखायचा कसा? मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगितलेलं आहे, की त्यांच्या एरर आणि इशाऱ्याच्या मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला म्हणजे मेसेज खोटा, एवढं मुलांच्या डोक्यात बसलं तरी पुष्कळ झालं. हा धंदा केवढा मोठा आहे बघा : ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं "ऑपरेशन चक्र-२" मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातल्या काही गुन्ह्यांची तक्रार मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉननं केली होती. टेक्निकल सपोर्टचे लोक असल्याचं भासवून परदेशी नागरिकांना लुबाडल्याचा तो प्रकार होता.

असा पडदा आला तर एस्केप बटन थोडा वेळ दाबून धरा. नाही गेला, तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा आणि "एंड टास्क" करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर "आधीची पानं पुन्हा उघडू का?" असं विचारेल, त्याला नाही म्हणा. कुणी फोनवरून एखादं अ‍ॅप टाकायला सांगून तुमचा पडदा बघायला मागत असेल, तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील, तर लाजत न बसता लगेच १९३० वर कळवा.

आता स्क्रीनशॉटकडे येऊ. मदत मागायची तर पुरावा लागतो. पालकांच्या ग्रुपवर मला काय काय येतं! पडद्याचा वाकडा फोटो, मध्ये ट्यूबलाईटचं प्रतिबिंब, नेमका मेसेजचा शेवट कापलेला. किंवा नुसतं, "मॅडम, काहीतरी एरर येतोय." डॉक्टरकडे जाऊन "काहीतरी दुखतंय" म्हणण्यासारखंच हे.

विंडोजमध्ये स्क्रीनशॉट असा काढा :

विंडोज + शिफ्ट + एस दाबा आणि हवा तेवढा चौकोन माऊसनं निवडा. हा सगळ्यात सोयीचा मार्ग.

संपूर्ण पडदा हवा असेल तर विंडोज + प्रिंट स्क्रीन. फाईल पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये जाते. तिथे दिसली नाही, तर वनड्राईव्हमधलं पिक्चर्स बघा, बरेचदा तिकडे असते. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटनही दाबावं लागतं.

"मी प्रिंट स्क्रीन दाबलं पण फोटो आलाच नाही," ही नेहमीची तक्रार. विंडोज १० मध्ये नुसतं ते बटन दाबलं, तर चित्र फक्त तात्पुरतं कॉपी होतं, फाईल बनत नाही. पेंट उघडून कंट्रोल + व्ही करा, चित्र तिथे येईल, मग सेव्ह करा.

दोन ठिकाणी स्क्रीनशॉट निघत नाही आणि तो तुमचा दोष नाही. एक, विंडोज सुरू होण्याआधीचा काळा पडदा. दुसरा, पडदा अंधुक होऊन "या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?" असं विचारणारी चौकट. ही सुरक्षेसाठीच वेगळी ठेवलेली असते. तिथे मोबाईलनं फोटो काढा. फ्लॅश बंद, समोर सरळ उभे राहून, चारही कोपरे दिसतील असा.

मेसेज येऊन निघून गेला असेल, तर स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" हा शब्द इंग्रजीत टाईप करा. "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" उघडली, की कोणत्या तारखेला काय अडखळलं त्याची यादी दिसते. कारखान्यातलं ब्रेकडाऊन रजिस्टरच समजा.

आणि एक काळजी. पाठवण्याआधी चित्र एकदा बघा. मागे मुलाचा आधार नंबर, बँकेचं पान किंवा ओटीपी उघडा तर नाही ना? असेल तर तेवढा भाग कापून टाका.

काही जण म्हणतील, "आम्हाला इंग्रजी कळत नाही, दुकानदार बघून घेईल." खरं आहे, सगळी दुरुस्ती आपण करायची नाही. पण दुकानदाराला काय झालं ते नेमकं सांगता आलं, तर तोही नेमकं काम करतो; नाहीतर सरळ "फॉरमॅट मारतो" म्हणतो. इंग्रजीचं म्हणाल, तर या मेसेजमधले शब्द मोजकेच असतात. आठवीच्या मुलाला शब्दकोश घेऊन ते लावता येतात. त्या मुलालाही "बॅकअप" आणि "रिप्लेस" हे शब्द येत होते. कमी पडलं होतं ते "हे काय आलंय, बघा ना" असं घरी म्हणण्याचं धाडस. ते धाडस त्याला आपणच द्यायचं असतं.

शिक्षक मित्रांनो, इथे आपल्या मराठीच्या तासाचा संबंध येतो. उपयोजित लेखनात आपण तक्रारपत्र शिकवतो. रस्त्यावरचे खड्डे, खराब निघालेली पुस्तकं हे विषय ठरलेलेच. यंदा मी वर्गात एका इशाऱ्याचा स्क्रीनशॉट फळ्याशेजारी लावला आणि दुरुस्ती करणाऱ्याला मराठीत पत्र लिहायला सांगितलं. चार प्रश्नांची उत्तरं त्यात आलीच पाहिजेत : पडद्यावर नेमकं काय लिहिलं होतं? त्याआधी मी काय करत होतो? कधीपासून येतंय? मी स्वतः काय करून पाहिलं? "कॉम्प्युटर बिघडला आहे, कृपया दुरुस्त करावा" एवढंच लिहिणाऱ्या मुलांना पत्र परत दिलं. दुसऱ्या वेळी ती मुलं घरच्या कॉम्प्युटरचे खरे मेसेज उतरवून घेऊन आली. नेमकं बघणं, नेमकं लिहिणं, हे भाषेचंच शिक्षण आहे.

पालकांनो, तुमच्याकडून एवढीच अपेक्षा आहे. मूल "बाबा, काहीतरी आलंय" म्हणत आलं, की "काय दाबलंस?" ऐवजी "काय लिहिलंय, वाच बरं" असं म्हणा. शेजारी बसा. दोघं मिळून वाचा. कळलं नाही, तर स्क्रीनशॉट काढून कुणाला तरी विचारा. आणि या रविवारी फोटोंची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवाच.

त्या मुलाच्या घरी आता कॉम्प्युटरशेजारी एक वही आहे. वडिलांनी कंपनीतल्या रजिस्टरसारखे रकाने आखून दिलेत : तारीख, मेसेज, काय केलं. पहिली नोंद मुलाच्या अक्षरात आहे आणि तिच्याखाली वडिलांची सही.